योग्य त्या चौकटीत खूण करा

कधीच नाही. क्वचित. बरेचदा. नेहमी.
चार चौकटी, आणि अशी बावीस पानं.
स्टॉर्नोवेच्या मासळीच्या कारखान्यातून घरी येऊन,
हातांना सामनचा वास तसाच, मी पेन शोधते.
सापडतं ते हिरवं.
सूचना म्हणते: फक्त काळ्या शाईत.

'तुमचं मूल इतर मुलांत मिसळतं का?'
इतर मुलं आमच्या रस्त्यावर दोनच:
एक तान्हं, आणि एक डॉलिनाचा नातू,
जो इशबेलला ढकलतो.
याला चौकट नाही.

'एखाद्या विषयाचा अतिरेकी ध्यास?'
सात वर्षांची आहे ती. या किनाऱ्यावरच्या
सगळ्या दीपगृहांचे श्वास तिला पाठ आहेत,
कोण किती सेकंद उजळतं, किती सेकंद विझून थांबतं.
झोप येईना की भिंतीवर बोटानं तेच वाजवत बसते.
मी पलीकडच्या खोलीतून ऐकते
आणि ओळखते, आज कुठला दिवा.
अतिरेकी म्हणजे किती, ते छापायचं राहिलंय.

डॉलिना म्हणाली, "वाढेल तशी सुटेल गाठ.
आमच्या वेळी असलं काही नव्हतं."
होतं गं, डॉलिना. माझे वडील होते.
रोज सकाळी सहाला वाऱ्याची दिशा वहीत, चाळीस वर्षं,
माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा;
आणि चर्चमध्ये कायम शेवटचा बाक, दाराला खेटून.
लोक म्हणायचे, मर्डो जरा एककल्ली.
तेवढ्या एका शब्दावर त्यांनी जन्म काढला.
'कौटुंबिक इतिहास': तीन ओळींची जागा.
मी समासात लिहिलं. हिरव्यानंच.

मग पत्र आलं: तुमचं नाव यादीत आहे.

इशबेलचे तीन जोड बूट लहान झाले.
दोन शिक्षिका बदलल्या.
पहिली म्हणायची, हट्टी.
दुसरी म्हणायची, किती गुणी, वर्गात आवाज म्हणून नाही.
तो आवाज ती दप्तरातून घरी आणायची
आणि दार लागलं की
स्वयंपाकघराच्या फरशीवर ओतायची, सगळा.
मी शेजारी बसून राहायची. हात न लावता.
ते शिकायलाही मला एक हिवाळा लागला.

टॉर्क्विल बोटीवरून आला की दारातूनच, "आलं काही?"
दर महिन्याचा पहिला सोमवार, माझा फोन.
ताटकळत ठेवताना वाजणारं ते व्हायोलिन
मी आता मासे कापतानाही गुणगुणते.

दोन वर्षं. मग एका नोव्हेंबरात
सकाळची फेरी, पलीकडे उल्लापूल, तिथून बस इन्व्हरनेसला.
कर्ण्यातून घोषणा झाली तेव्हा तिनं कानांवर हात धरले
आणि ते बंदर येईपर्यंत काढले नाहीत.

"आज बाहुलीचा वाढदिवस," डॉक्टर फेनेला म्हणाल्या.
"तिला केक देतेस?"
इशबेलनं मातीच्या गोळ्याकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं,
मग डॉक्टरांकडे नाही, त्यांच्या कानातल्या डुलाकडे:
"ही माती आहे. तिची जन्मतारीख काय?"
फेनेलांनी काहीतरी लिहिलं.
मला तो कागद ओढून घ्यावासा वाटला.
माती म्हणाली, हे लिहिलं असेलच.
तारीख विचारली, ते लिहिलंत का?

निकाल सहा आठवड्यांनी. टपालानं.

परतीच्या फेरीवर डेकवर आम्ही दोघीच,
चिप्स गार, व्हिनेगरनं कागद भिजलेला.
अंधारातून आपल्या बंदराचा दिवा लुकलुकला.
तिनं कठड्यावर टकटक केली, थांबली, परत टकटक.
मीही केली.
"तुला उशीर झाला," ती म्हणाली.
झाला, मी म्हणाले.
ती हसली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.
पुन्हा पहिल्यापासून, सावकाश,
मला जमेल अशा बेतानं,
मोजून दाखवू लागली.