कच्च्या विटेवरची खूण

डबा उघडला की आधी मी चौकोन बघते.
बाटलीवर वर्तुळ, वर्तुळात चौकोन,
तो फिकट आहे तोवर थेंब खरे.
मार्चातलं ऊन, तापीकाठची वीटभट्टी,
बर्फाच्या पट्ट्या दुपारपर्यंत तग धरतील ना
ही धाकधूक पंधरा वर्षं झाली तरी जुनी होत नाही.

केंद्रातल्या फ्रिजमध्ये दोघी एकत्र नांदतात,
पण शेजारी नाही.
थेंबांची बाटली तळाला. तिला गारठा मानवतो.
सुईची वरच्या जाळीत,
ती एकदा गोठली की वाया,
आणि दिसते मात्र तशीच, नितळ.
एकीत जिवंत विषाणू, नांगी मोडलेला.
दुसरीत मेलेला,
रक्ताला तोंडओळख व्हावी इतकाच शाबूत.

गेल्या गुरुवारी अंगणवाडीत हिरकन म्हणाली,
"दोन थेंब पाज्यात ना माय, मंग सुई कसाले?"
मी म्हटलं, केळीच्या बागेला कुंपण असतं,
तरी रात्री राखणीला जातातच ना?
थेंब आतड्याच्या वेशीवर बसतो,
सुई रक्तात गस्त घालते.
मग लेकराचा उजवा दंड धरला,
कातडीच्या आतल्या आत, जराशीच लस,
ज्वारीच्या दाण्याएवढी फुगी आली.
रडणं भट्टीपर्यंत ऐकू गेलं असेल.
दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने,
कार्डावर तीन घरं. हे दुसरं भरलं.

पूर्वी थेंबात तीन जाती होत्या.
दोन नंबरचा जगातून गेला,
तसा बाटलीतूनही काढला.
त्या एप्रिलात उरलेल्या बाटल्या
मोजून, सही करून परत दिल्या.
धुडकूभाऊ तेव्हा खोकी उचलायला आला होता.
मला एकदम वाटलं,
याचा डावा पाय नेला तो कितवा होता?
कुणी तपासलंच नव्हतं तेव्हा.
तो म्हणाला, "आणखी किती खोकी?"

त्याचा पाय मी कुणाला पटवायला कधी दाखवला नाही.
खोटं बोलले. एकदा दाखवला.
ती बाई दार लावून घेणार होती.
तिनं लेकरू पुढं केलं,
आणि परतीच्या वाटेवर
त्याच्या कॅलिपरची कडी कुरकुरत राहिली,
आम्ही दोघं काही बोललो नाही.

आज भट्टीवर सतरा पोरं.
जीभ, दोन थेंब, थूऽऽ केलं तर पुन्हा दोन.
डाव्या करंगळीच्या नखावर शाई.
एक पोरगी दुसऱ्यांदा आली, करंगळी मुठीत लपवून,
थेंब गोड असतो म्हणे.

घरांवर खडूनं खूण करायची असते,
पण इथं पाचटाच्या खोपी, दार कुठंय?
धुडकूभाऊ जरा थांबला,
मग कच्च्या विटांच्या थप्पीवर
एक P ओढला, खाली तारीख,
खाली आमची टीम नंबर चार.

परवा ही थप्पी भट्टीत जाईल.
खडू राहतो की जळतो, ठाऊक नाही.
वीट मात्र जाईल जळगावला, भुसावळला,
कुणाच्या तरी भिंतीत,
गिलाव्याच्या आत.