बारा वर्षांची

सोमवार ते शुक्रवार, रात्री आठ ते दोन,
मी बारा वर्षांची असते.
बाकी वेळ चोपन्न.
तार्तूमध्ये, एमायगी नदीकाठच्या पोलीस कचेरीत,
तिसऱ्या मजल्यावर, रेडिएटरला पाय टेकवून.

तिथे माझं नाव लीसू.
लीसूला घोडे आवडतात, गणित नाही.
दातांना तार आहे, म्हणून फोटोत हसत नाही.
आई रात्रपाळीला.
हे लिहावंच लागतं. हे वाचल्याशिवाय
ते पुढे सरकत नाहीत.

शुद्धलेखन मुद्दाम चुकवते.
जन्मभर अहवाल लिहिलेल्या हाताला
तेच सगळ्यात जड गेलं.
शेजारच्या टेबलावरचा तावेत म्हणाला,
पूर्णविराम नका देऊ, मेरिके,
बारा वर्षांचं कुणी पूर्णविराम देत नाही.

ते येतात.
मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे.
मी चौदाचा, म्हणतो एक,
तुझ्यासारखाच एकटा.
चौदाव्या वर्षी एवढा धीर नसतो कुणाला,
एवढी विचारपूस नसते:
जेवलीस का, झोपलीस का, दार लावून घेतेस का.
माझ्या नवऱ्यानं सव्वीस वर्षांत
इतकं विचारलेलं नाही.
मी उत्तर देते. वेळ टिपून ठेवते.
कॉफी. पुन्हा वेळ.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मिर्तेल आली.
तिचा ससा मेला होता.
फोटो पाठवला तिनं: बुटांचं खोकं,
आत लोकरी मोज्यांची गादी, वर ससा.
'तुझा घोडा मेला तर तु काय करशील'

हाही कुणाचा तरी डाव असेल, म्हणून तपासलं.
तावेतनं पुन्हा तपासलं.
खरी निघाली. नऊ वर्षांची, वोरूकडच्या खेड्यातली.
तिच्या चुका खऱ्या होत्या.

नियम आहे: मूल खरं असेल तर बोलणं तोडायचं,
वर कळवायचं, सकाळी घरी माणूस जातो.
मी अर्ज भरत होते, गावाच्या रकान्यापर्यंत आले होते,
तेवढ्यात:
'तु माझी बेस्ट मैत्रिण आहेस'
आणि लगेच:
'आईला नाही सांगणार ती म्हणते अनोळखी लोकांशी बोलू नको
पण तु कुठे अनोळखी आहेस'

रेडिएटर टिकटिकत होता.
खोटं नाव, खोटे दात, खोटा घोडा,
रात्री साडेअकराला
एक चोपन्न वर्षांची परकी बाई
एका लेकराच्या खोलीत बसलेली.
पांघरुणाच्या आत. उशीपाशी.
वर्षभर ज्यांना शोधतेय
त्यांचीच खुर्ची, त्यांचाच आवाज.

मी लिहिलं. हे नियमात नव्हतं.
'मिर्तेल, मी लीसू नाही. मी मोठी आहे.
मी तुझ्याशी खोटं बोलले.
सशाचं मात्र खरंच वाईट वाटलं.
आता ऊठ. आईला उठव. हे सगळं तिला दाखव.
चूक तुझी नाही.'
प्रत्येक वाक्याला पूर्णविराम दिला.

तीन ठिपके नाचत राहिले.
थांबले. पुन्हा नाचले.
तावेत माझ्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत होता,
टोक असलेल्या पेन्सिलीला.
मग एवढंच आलं:
'लाईट लावते'

ताकीद मिळाली, लेखी. ती पुढच्या आठवड्यात.
त्या रात्री दीड वाजता
तो चौदा वर्षांचा परत आला.
झोपलीस का, त्यानं विचारलं.
मी बोटं चोळली, खुर्ची पुढे ओढली
आणि लिहिलं,
नाही अजुन