मागच्या दाराची नोंदवही

सेलूच्या स्टँडवर एकोणतीस वर्षं
मी गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
रिटायर होऊन हा दुसरा हिवाळा.
हात गप बसत नाही म्हणून
उरलेल्या रजिस्टरात
परसातली आवक लिहितो.

सहा चाळीस. सातभाई.
मोजले तर नऊ.
नावावर जाऊ नये, आमची जलद परभणीसुद्धा
दर फाट्याला थांबायची.
आले तेच भांडत आले,
शेवग्याखालचा पाचोळा उलथापालथा केला,
एकमेकांच्या माना खाजवल्या,
आणि काहीच न ठरवता
सगळे एकदम उठून गेले.
शेरा : ग्रामसभा.

सात पाच. बुलबुल, जोडी.
पपईला काल पाडलेलं भोक
आज खिडकीएवढं.

शिंजीर जास्वंदीला उलटा लटकतो.
आला, हे लिहीपर्यंत गेलेला असतो.
त्याची आवक-जावक
एकाच ओळीत.

भारद्वाज दिसला की मथुरा
आधी हात जोडते, डोळे मिटते,
मग मला हाक मारते,
तोवर तो तांबडे पंख सावरत
भिंतीपलीकडे, रजियाआपांच्या रामफळात.

आपा भिंतीवरून विचारतात,
"आज कित्ते आये, कंट्रोलरसाब?"
मी दोन वाढवून सांगतो.
त्याही वाढवून सांगतात.
पाखरं तीच.

नळ आठव्या दिवशी.
मथुरा म्हणते, "माणसाला पुरंना पाणी
अन् तुमच्या पाव्हण्यांच्या आंघोळी!"
पण मी उठायच्या आधीच
मातीचं परळ काठोकाठ भरलेलं असतं,
तांदळाच्या धुवणाचं, जरा गढूळ.
मी विचारत नाही.
ती सांगत नाही.

दसरा झाला की
न्हाणीच्या नालीकाठी परीट येतो.
मूठभर जीव, काळापांढरा,
शेपटी वर-खाली, वर-खाली,
दगडावर धुणं आपटावं तशी.
हिमालयापलीकडून येतो म्हणे.
एवढ्या लांब पल्ल्याची गाडी,
ना फलाट, ना कंट्रोलर,
ना कुठं चहाला दहा मिनिटं.

यंदा दिवाळीही होऊन गेली.
रकाना कोरा.
"गाडी उशिरा धावत आहे,"
किती सहज बोलायचो मी भोंग्यावर,
पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्यांच्या
पोटात काय होतं
ते खिडकीच्या आतून दिसायचं नाही.

त्यात विश्वंभरनं पैसे पाठवले.
मागं पेव्हर ब्लॉक टाकून घ्या,
चिखल होतो, आई घसरेल.
पोरगा खोटं बोलत नाही,
ती मागच्या श्रावणात घसरलीच होती.

लिंबाजी गवंडी आला,
तुळशीपासून न्हाणीपर्यंत
त्यानं पांढरी दोरी ताणली.
"नालीपतुर टाकायची ना, काका?
कामून बोलंना गेलाव?"

मी बोट ओठांवर ठेवलं.

दोरीच्या कडेकडेनं,
जणू तीच बघायला बोलावलं होतं,
तो चालत आला.
थांबला. शेपटी हलवली.
ओल्या मातीतून काहीतरी बारीक उचललं,
पुन्हा चालला.

लिंबाजी वळंबा हातात धरून
तसाच उकिडवा बसला.
"हे तर दुधनेत असतंय,
वाळूच्या धक्क्यावर," हळूच म्हणाला.
"लई सरळ चालतंय हो.
आमच्या पोरांना जमंना असं."

बिडी पेटवायची ती कानामागं तशीच राहिली.
तो उडून गेल्यावर
लिंबाजीनं न विचारता खुंटी उपटली,
दोन हात अलीकडं ठोकली.
बिल मात्र पूर्ण परसाचं लावलं.

मी घरात जाऊन रजिस्टर उघडलं.
अकरा दहा. परीट. एक.
पुढचा रकाना, उशिराचं कारण.
तो भरल्याशिवाय
एकाही ड्रायव्हरला मी सोडला नव्हता.

सोडून दिला.