डावीकडे

रात्रपाळी. यार्डात गाड्या उभ्या,
गव्हाण कालपासून बंद.
मुंजाजी घुले लॅबच्या खिडकीत हनुवटी टेकून विचारतो,
बाई, उभ्या उभ्या ऊस हलका होतो, ते वाळूनच ना?

वाळून, हो. पण तेवढंच नाही.
पोलरीमीटरमध्ये रसाची नळी ठेवते.
परवा याच उसानं उजेड जेवढा उजवीकडे वळवला
तेवढा आज वळत नाही.
डावीकडे ओढणारं कुणीतरी आत आहे.

कसं सांगू याला.
औरंगाबादला दोन वर्षं मी त्याचंच चित्र काढत होते.
इन्व्हर्टेज. पाच पात्यांचा पंखा,
छतावरच्या या पंख्याहून दोन जास्त,
आणि फिरत तोही नाही.
मधोमध खळगा, आडासारखा.
तळाशी दोघं समोरासमोर,
अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट.
साखर उतरते जोडीनं,
ग्लुकोज, फ्रुक्टोज, मधल्या एका ऑक्सिजनला धरून.
ग्लुटामेट त्या ऑक्सिजनच्या हातावर
एक प्रोटॉन ठेवतो, बस एकच,
आणि तेवढ्यात अ‍ॅस्पार्टेट फ्रुक्टोजला पकडतो.
ग्लुकोज सुटतं, वर येतं.
फ्रुक्टोज तिथंच, चिकटलेलं,
आणि सगळं थांबतं पाण्यासाठी.

एका रेणूसाठी.
केजला आईच्या नळाला नवव्या दिवशी पाणी येतं,
ती हंडे भरते, परात भरते, देवाची वाटीसुद्धा.
इथं एक रेणू येतो.
ग्लुटामेट आपला प्रोटॉन त्याच्याकडून वसूल करतो,
उरलेलं पाणी फ्रुक्टोजला भिडतं,
अ‍ॅस्पार्टेट हात सोडतो.
दोघं पुन्हा होते तसे.
पुढची साखर.

यातलं अर्धंमुर्धं सांगते.
मुंजाजी म्हणतो, पण त्याला सांगतं कोण हे करायला?
ऊसच.
शेंडा छाटला, मुळं रानात राहिली, मोळी बांधली,
तरी त्याला कुणी कळवलेलं नसतं.
डोळे फुटायचेत अजून, म्हणून
घरातलं साठवलेलं मोडून खातोय.

मुंजाजी गप्प.
मग गाडीतून एक कांडं ओढतो, दातानं सोलतो, चावतो.
कालच्याहून गोड लागतंय की, बाई.

असेल. दोन्ही सुटी झाली की जिभेला जास्त लागतात.
रजिस्टरला पोलचा रकाना आहे, मी घटलेला आकडा लिहिते.

तो चोथा बैलापुढं टाकतो.
बैल हुंगतो,
जरा थांबतो,
खातो.