हळदीच्या दिवसांत

मार्केट यार्डात सौदे सुरू झाले
की माझ्या नाकाला आधी कळतं.
पोती फुटतात, हवा पिवळी होते,
आणि अडतीच्या कॉम्प्युटरवर वजनं चढवता चढवता
मी सलग अकरा वेळा शिंकते.
हमाल भीमगोंडा मोजतो. मोठ्यानं.

सात वर्षं एकच गोळी, रात्री, झोपताना.
कधी विचार केला नव्हता.
या फाल्गुनात मात्र
जिभेवर ठेवलेली परत काढली.
कॅलेंडरवर शीतलनं पेन्सिलीनं काढलेलं
बारीक टिंब दिसलं.
आत कुणी आलं असलं तर?
ज्याला अजून नावच काय, पत्ताही नाही,
त्याच्या वाट्याला जाईल का हे?

मग नऊ रात्री गोळी नाही, फवारा नाही.
डोळे सुजले, छाती शिट्टी वाजवू लागली.
सासूबाई म्हणाल्या, हळद घालून दूध घे.
मी हसले, आणि हसता हसता शिंकले.
शेजारच्या पद्मलनं भावाची गोळी दिली,
"नाक चुटकीत मोकळं होतंय बघ."
ती पर्समध्येच राहिली, न फोडलेली.

विश्रामबागेत मगदूम डॉक्टरीणबाईंनी
सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या,
सौद्याला नमुने मांडावेत तशा.
चष्मा कपाळावर सारून
एकेकीच्या पाठीवरचं बारीक वाचलं.
ही चालेल, तुझी नेहमीचीच.
ही मिसळीची. नको.
आणि फवारा कुणाला विचारून बंद केलास?
कुणालाच नाही, म्हटलं.
"तुलाच श्वास पुरला नाही
तर त्याला कुठला देणार?"
पाळी चुकली की ये, तेव्हा परत बघू.
तोवर यार्डात नाकाला मास्क. ओढणी नाही, मास्क.

हरिपूरला घरी जाताना
शीतलनं गाडी बुजलेल्या पेवांपाशी थांबवली.
वर गवत, खाली कुठंतरी पोकळी.
त्याचे आजोबा पेव उघडलं
की लगेच उतरायचे नाहीत म्हणे.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
तो जळत राहिला, तरच माणूस.
पुढं तो काही बोलला नाही.
मीही पर्सची चेन उगाच लावत-काढत राहिले.

रात्री गोळी घेतली, पाण्याबरोबर, उजेडात.
टिंब खोडलं नाही. गडदही केलं नाही.

सकाळी भीमगोंडा तीनवरच अडला.
वाट बघितली त्यानं, पोतं पाठीवर तसंच,
मग म्हणाला,
"ताई, आज वजनात घट कशी?"