हातचा एक

बेलापूर, सेक्टर अकरा, चौथा मजला.
एसीचं पाणी खिडकीतल्या बरणीत ठिबकतं
आणि माझ्यासमोर एकशे बारा ओळी:
सरकारी नि अनुदानित विधी महाविद्यालयांची फी.
छापील पत्रक आणि पडद्यावरचा आकडा
शेजारी शेजारी बसवून बघणं, एवढंच माझं काम.
पत्रिका जुळवतात तसं,
फक्त इथे मंगळ निघाला तर तो मलाच सांगावा लागतो.

पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटलं.
आकडे गुणी दिसतात,
उजव्या कडेला टेकून उभे.

मग सापडायला लागलं.
एकीकडे सहामाही फी वार्षिक म्हणून.
एकीकडे अनामत रक्कम, जी परत मिळते, फीत मिसळलेली.
जिमखाना दोनदा.
एका कॉलेजात शिक्षण चक्क फुकट,
कारण कुणीतरी रकाना मोकळा सोडला होता
आणि यंत्राला मोकळं आणि मोफत यातलं अंतर कळत नाही.

आणि ओळ एकाहत्तर.
पत्रकात १८,४००.
पडद्यावर १,८४,०००.
एक शून्य चढलं, आणि स्वल्पविरामानं
जरा सरकून त्याला जागा दिली.

"एवढं काय," गावंड साहेब म्हणाले, "शून्याला किंमत नसते."
मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

चौकशीच्या वहीत जूनमधला एक फोन:
हर्षिका कोळी, दिवाळे गाव. फी खरंच एवढी आहे का?
उत्तराच्या रकान्यात
"संकेतस्थळावर आहे तीच."
अक्षर माझं.
सही, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी.

त्या रात्री त्या घरात कुणीतरी
एक लाख चौऱ्याऐंशी हजारांना
पापलेटच्या भावानं भागलं असेल.
भागाकार बरोबरच आला असणार.

शुद्धिपत्रक नोव्हेंबरात निघालं.
अ.क्र. ७१, अमुकच्या ऐवजी तमुक
असे वाचावे.
मी फोन केला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं,
मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.
"आता बी.कॉम.ला आहे मी," म्हणाली.
"बरं झालं सांगितलंत."
चुकीच्या पत्त्यावर आलेलं कुरिअर
परत न्यायला आलेल्या माणसाशी बोलतात, तसं.

शनिवारी दिवाळ्याच्या बाजारात गेले.
ओळख दिली नाही. तिची आई यातली कोणती,
की यातली नाहीच, तेही विचारलं नाही.
समोर बसली होती तिच्याकडून बोंबील घेतले,
आणि मूठभर जवळा, नको असताना.
"दोनशे ऐंशी नि साठ, तीनशे चाळीस,"
कोयतीवरची नजर न काढता ती म्हणाली.
हातचा एक कधी धरला, कधी सोडला,
दिसलंसुद्धा नाही.
पाचशेच्या नोटेवर एकशे साठ परत,
ओले, खवले चिकटलेले.
मी तसेच पर्समध्ये टाकायला निघाले.

"मोजून घे गो."

मी मोजले. तिथेच, वाट अडवून,
मागच्या बाईची पिशवी पाठीला टेकत असताना.
बरोबर होते.
तरी आणखी एकदा.