आधी पाय

आरडी मोडली. चव्वेचाळीस हजार सहाशे.
सीताबर्डीत काचेआड एक दुर्बीण,
पांढरी, लांब, जरा शिष्ट.
किंमत विचारली. बाहेर येऊन पुन्हा आत गेले.

डंभारे काका धंतोलीत जिन्याखाली कॅमेरे दुरुस्त करतात.
खर्रा थुंकून आले, मग बोलले.
"काय टिपायचं आहे?"
मृगातला तेजोमेघ.
"मग डोळा काहून घेऊन राहिली? आधी पाय घे.
जमीन फिरून राहिली ना खालून.
तिचं फिरणं फेडत जाईल असं काही घे.
कॅमेरा तुझा आहे तोच पुरे."

सत्तावीस हजार गेले
एका काळ्या, जड, ठोंब्या वस्तूत
जिच्यातून काहीच दिसत नाही.
आईनं खोक्यात पुन्हा हात घालून पाहिला:
"काच राहिली का दुकानात?"

गच्चीवरून ध्रुव दोन मुठी उंच,
कोराडीच्या धुराच्या जरा वर,
आणि नेमकी तिथेच निनाव्यांची पाण्याची टाकी.
म्हणून शनिवारी मोपेडवर, भाऊ पुढे,
मी मागे ते धूड मांडीत धरून,
कोंढाळीच्या पलीकडे
पऱ्हाटीच्या धुऱ्यावर.

दोन मिनिटं शटर उघडं.
कुठेतरी रोही खाकरला.
मी पाय हलवला नाही.
पडद्यावर तारे आले, टिंबं, बिनशेपटीची,
आणि मधोमध खर्र्याच्या डागाएवढं
फिकट लाल काहीतरी.

काकांनी फोटो मोठा केला,
मधलं पाहिलंच नाही, बोटानं कोपऱ्यात गेले.
तिथे तारे पंख फुटल्यासारखे पसरलेले.
"हं," म्हणाले. "आता बोलू काचेचं."